पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि निर्भयता

राजकीय धामधुमीच्या काळात श्रद्धावान माणसाने काय करावे, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशाने केले, आणि नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करून उभे आहे. संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे नव्हे, हे आपल्या लोकांनी त्यांच्या रूपाने प्रत्यक्ष पाहिले. त्यापूर्वी सुमारे अर्धशतक एका महाराष्ट्रीय स्त्रीने ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर याच प्रश्नाचे आपले उत्तर दिले होते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. दुर्दैवाने त्यांच्या नावाभोवती धर्मांतराचा वाद इतका दाटला, की त्यांच्या धैर्याचे मोजमाप पुष्कळदा राहूनच गेले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले. 1874 च्या सुमारास दुष्काळाने आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पुराण सांगत पायी देश हिंडली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा विवाह झाला, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच, 1882 मध्ये, वैधव्य आले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. त्याच वर्षी पुण्यास येऊन बाईंनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. उपासमार, परकेपणा आणि वैधव्य या तिन्ही गोष्टी त्यांनी ग्रंथांत वाचलेल्या नव्हत्या, भोगलेल्या होत्या. त्यांच्या पुढच्या श्रद्धेचे स्वरूप समजण्यासाठी हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सत्ताधाऱ्यांचा धर्म स्वीकारणे म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या आश्रयास जाणे, असा अर्थ येथे लावला गेला. वस्तुतः घडले ते निराळेच. बायबल आपल्या बुद्धीने वाचण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. चर्चच्या अधिकारावर विसंबून एखादे तत्त्व मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी त्या हरकतीचाही प्रतिवाद केला. शास्त्रीपंडितांपुढे न झुकलेली ही स्त्री पाद्र्यांपुढेही झुकली नाही. धर्म बदलला, परंतु स्वतंत्र बुद्धी बदलली नाही.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी ते निवासाचे आणि शिक्षणाचे स्थान होते. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी. त्याच वर्षीच्या मुंबई काँग्रेसला ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या, त्यांतही रमाबाई होत्या. पुढे सदन पुण्यास आले आणि 1893 मध्ये वादळ उठले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते, आणि बाईंच्या खाजगी प्रार्थनेला मुली येऊन बसत. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या विश्वासाने आलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत श्रद्धेने फार जपून पाऊल टाकावयास हवे. तथापि त्या मुलींना आसरा देणारी दुसरी दारे त्या वेळी किती उघडी होती, हा प्रश्न टीकाकारांनीही स्वतःस विचारावयास हवा होता.

खरी कसोटी 1897 मध्ये लागली. पुण्यात प्लेग, रस्त्यांवर गोरे सैनिक, घरोघर झडत्या, रँडचा खून, टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा, असा तो काळ. बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागत होती. अशा वर्षी रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या दुर्दशेचा जाहीर पुकारा केला. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. बाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. राज्यकर्ते स्वधर्मीय, संस्थेला पैसा परदेशचा, आणि स्वकीय समाज दुरावलेला! गप्प बसण्यास याहून अधिक सबळ कारणे कोणती असू शकतात?

त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळात फिरून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, यांतून त्या स्त्रिया स्वतःच्या हातांवर जगू लागल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. लातूरच्या शेजारी, निजामाच्याच राज्यातील गुलबर्ग्यास मनोरमाबाईंनी शाळा चालविली. 1919 मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. ज्यांच्यावर त्यांनी टीका केली, त्यांनाही त्यांच्या कार्याची दखल घ्यावी लागली. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

1993 च्या भूकंपाने लातूर-किल्लारीच्या परिसरात पोरकी झालेली मुले शिक्षणासाठी पुण्यास नेण्यात आली, तेव्हा नेणाऱ्यांचा धर्म कोणता हे त्या मुलांनी विचारले नसेल. मराठवाड्यात बालविवाह अजूनही होतात, आणि दुष्काळात मुलगी आजही प्रथम ओझे ठरते. रमाबाईंची सर्व मते मान्य करण्याचे कारण नाही. परंतु ज्या श्रद्धेमुळे माणूस स्वतःच्या गटाच्या सत्तेलाही जाब विचारू शकतो आणि निराधाराला घर देऊ शकतो, ती श्रद्धा कोणत्याही धर्माची असो, समाजाने जपावी अशीच आहे. आपापल्या श्रद्धेला ही दोन्ही कामे जमतात काय, हे प्रत्येकाने तपासून पाहावे, एवढीच या चरित्राची आपल्याकडे मागणी आहे.