क्रांतिज्योती सावित्रीमाई : शाळेइतकेच मोठे असलेले दुसरे काम

३ जानेवारीला आपल्या वस्त्यांमध्ये सावित्रीमाईंची जयंती होते. विहारात प्रतिमेला हार घातला जातो, मुली नऊवारी नेसून भाषणे करतात. भाषणात भिडेवाडा येतो, अंगावर फेकलेले शेण येते, पहिली शिक्षिका येते आणि बहुतेक वेळा भाषण तिथेच संपते. पण १८४८ नंतर सावित्रीमाई आणखी एकोणपन्नास वर्षे जगल्या. त्या वर्षांतले त्यांचे एक काम असे आहे की ज्याची आज आपल्या समाजाला शाळेइतकीच गरज आहे. म्हणून आम्ही इथे शाळेवर थोडे आणि त्या कामावर जास्त लिहीत आहोत.

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीमाईंचा जन्म झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न जोतीराव फुल्यांशी झाले. जोतीरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी या कामापायी दोघांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमाबी सावित्रीमाईंच्या सहकारी झाल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे सावित्रीमाईंना अठराव्या वर्षी कळले होते. रस्त्यातून चालणाऱ्या बाईला अडवायचे, घाण बोलायचे, अंगावर चिखल-शेण टाकायचे, हा अनुभवही त्यांनी रोज घेतला. शाळेत पोहोचल्यावर बदलायला त्या दुसरे लुगडे सोबत ठेवत. आज या प्रकाराला आपण छेडछाड असे हलके नाव देतो. तो छळच होता आणि बाईने घराबाहेर पडू नये यासाठीच तो केला जात होता.

आता त्या दुसऱ्या कामाकडे येऊ.

पुण्यात जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिच्यामागे लकडा लावला. ती आधी नाही म्हणाली, पण त्याने पिच्छा सोडला नाही. पुढे तिला दिवस गेले. गर्भ पाडायची औषधे घेऊनही उपयोग झाला नाही. बाळ जन्मले तेव्हा बदनामीच्या भीतीने तिने त्याला मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. पोलीस आले, खटला चालला, तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. काशीबाई अंदमानला गेली. शास्त्रीबुवाच्या वाट्याला काय आले? त्या काळात अशा पुरुषाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायची कल्पनाही कुणाला सुचत नव्हती. सुमारे वीस वर्षांनी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर असाच खटला चालला, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि जाहीरपणे त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनी.

फुले दांपत्याने १८६३ साली गंज पेठेतील आपल्या राहत्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुण्यात ठिकठिकाणी जाहिराती लावल्या. त्यांचा आशय साधा होता. ज्या विधवेला दिवस गेले असतील तिने इथे यावे आणि गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावे. मूल सोबत न्यायचे की ठेवून जायचे, ते तिने ठरवावे. ठेवून गेली तर मुलाचा सांभाळ इथे होईल.

या जाहिरातीकडे जरा नीट पाहावे असे आम्हाला वाटते. हे कसे घडले, चूक कुणाची, तू त्याला आधी का नाही अडवलेस, असे प्रश्न तिच्यात नव्हते. बाईची जातही विचारलेली नव्हती. येणाऱ्या बहुतेक स्त्रिया त्याच जातीच्या होत्या, ज्या जातीतले कर्मठ लोक सावित्रीमाईंवर शेण फेकत होते. त्या बायकांची बाळंतपणे, त्यांच्या बाळांचे दूधपाणी, रात्रीची जागरणे हे सगळे सावित्रीमाईंच्या घरात आणि त्यांच्या देखरेखीखाली झाले. जाहिरात लावायला एक दिवस पुरतो. परक्या बाईची रडून सुजलेली अवस्था वर्षानुवर्षे घरात सांभाळणे हे वेगळे काम आहे, आणि ते त्यांनी केले.

१८८४ साली मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या घराचा हिशेब मांडला आहे. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली फक्त ५. उरलेली ३० मुले दगावली, कारण आयांनी गर्भ लपवण्यासाठी आधीच घेतलेल्या जहाल औषधांनी पोटातच त्यांना इजा झाली होती.

आसऱ्याचे दार उघडे होते, पण बाई त्या दारापर्यंत पोहोचेपर्यंत उशीर झालेला होता. महिनोन् महिने ती एकटीच तोंड दाबून बसली होती. कळले तर भाऊ काय करेल, दीर काय करेल, शेजारी काय म्हणतील, या भीतीने तिने मिळेल ते औषध घेतले. म्हणजे ती मुले दगावली त्यात औषधाइतकाच हात होता गप्प बसायला लावणाऱ्या समाजाचा.

आणि इथे आम्हाला आपल्या समाजाबद्दल बोलावेच लागते. आपल्या मुलीवर दुसऱ्या जातीच्या माणसाने हात टाकला तर आपण रस्त्यावर उतरतो, पोलीस ठाण्यासमोर ठाण मांडतो, आणि ते योग्यच आहे. पण हात टाकणारा आपलाच असेल तर? नवरा, दीर, काका, वस्तीतला कार्यकर्ता? मग मोर्चा निघत नाही. मग चार वडीलधारे बसतात, त्याला दोन शब्द सुनावतात, तिला लेकरांची शपथ घालतात आणि नांदायला परत पाठवतात. चळवळीची बदनामी नको, विरोधकांच्या हाती कोलीत नको, असे सांगितले जाते. दारू पितो पण मनाने चांगला आहे, हेही ठरलेले वाक्य. ती बाई पुढच्या वेळी सांगायला येत नाही. ते प्रकरण मिटले असे आपण समजतो.

कायद्याने यातले काही प्रकार बसून मिटवताच येत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग बैठक कितीही मोठ्या माणसांची असो. बलात्काराचा गुन्हा आपसात तडजोडीने मिटत नाही. पीडितेवर प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार मोफत करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांवर बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जा, मग या, असे म्हणून त्यांना तिला परत पाठवता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, पैसे अडवणे, जबरदस्तीचा शरीरसंबंध हेही त्या कायद्यात हिंसाच आहे. १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते, तातडीच्या वेळी ११२, आणि सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एका ठिकाणी मिळते. हे क्रमांक विहाराच्या फलकावर पौर्णिमेच्या कार्यक्रमाशेजारी लिहायला खडूशिवाय काही लागत नाही. आणि सांगायला आलेल्या बाईची गोष्ट महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत चघळली जाणार नाही, एवढी खात्री तिला असली पाहिजे. १८६३ च्या जाहिरातीत गुपचूप येण्याची सोय होती ती उगाच नव्हती.

सावित्रीमाईंचा आणखी एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार समाजातील मुलगी यांचे प्रेम जमले होते. शारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावाला कळले तेव्हा लोकांनी दोघांना पकडले, मारत-मारत गावातून फिरवले, आणि आता त्यांना ठार मारायचे असे ठरले. सावित्रीमाईंना हे समजताच त्या धावत तिथे गेल्या. त्यांनी जमावाला इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली. जीव घेतलात तर काय होईल ते समजावले आणि लोकांना मागे सारले. गावाने अट घातली की दोघांनी गाव सोडावे. सावित्रीमाईंनी ती मान्य केली आणि दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.

या प्रसंगात त्या कुणाची समजूत काढत बसल्या नाहीत. आंतरजातीय विवाहावर व्याख्यानही दिले नाही. आधी जीव वाचवला, मग सुरक्षित जागी पोहोचवले. गाव त्यांच्या माहेरचे होते, जमावातले चेहरे ओळखीचे असणार. आपल्याच माणसांच्या विरोधात उभे राहणे परक्यांशी लढण्यापेक्षा अवघड असते. माहेरी भावाशीही त्यांचा अस्पृश्यांच्या शिक्षणावरून वाद झाला होता, तेव्हाही त्यांनी माघार घेतली नव्हती.

हिंसा झाल्यावर आसरा द्यायचा, तसे ती होऊ नये म्हणून लग्नातच काही बदलायचे, हेही फुले दांपत्याने पाहिले. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्याच्या तयारीत सावित्रीमाई पुढे होत्या. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आपल्या हक्कांविषयी बोलते आणि वराला ते मान्य करावे लागतात. आपल्या बौद्ध विवाहातही वर पत्नीचा सन्मान करण्याची आणि तिचा अपमान न करण्याची प्रतिज्ञा घेतो, तिचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. मांडवात ती इतक्या घाईने उरकली जाते की नवरदेवाला आपण काय कबूल केले ते आठवतही नसेल. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले आणि हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले. बाईचा घरातला हक्क हा त्यांच्यासाठी किरकोळ विषय नव्हता.

गंज पेठेतल्या त्या घरात एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. स्वतःचे मूल नसलेल्या सावित्रीमाई आणि जोतीरावांनी १८७४ साली त्याला दत्तक घेतले. तो यशवंत. विधवेचा मुलगा म्हणून पुढे त्याला मुलगी द्यायला लोक कचरत होते. सत्यशोधक सहकारी ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. लग्न ठरल्यावर सावित्रीमाईंनी होणाऱ्या सुनेला आधीच घरी आणून ठेवले, म्हणजे मुलीला घर आणि माणसे पारखता येतील आणि तिचे शिक्षणही होईल. १८८९ साली हे लग्न झाले. सासरी येणाऱ्या मुलीच्या मनातल्या भीतीचा विचार करणारी सासू आजही फारशी दिसत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाला अंत्यविधीचा हक्क नाही म्हणून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

यशवंत डॉक्टर झाले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा त्यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.