सर्पगंधाची मुळी आणि डॉ. वकील

परवा गंगापूर रोडला भाजी घेताना जुनी शेजारीण भेटली. चेहरा पार उतरलेला. उदासीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने आठवड्यातच बंद केल्या होत्या. मळमळ होते, झोप उडाली आणि गुण तर काहीच नाही, ही तिची तक्रार. आता कुणीतरी सांगितलं म्हणून झोपेसाठी सर्पगंधाच्या गोळ्या घेणार होती. झाडपाल्याने काय अपाय होतोय, असं तिचं म्हणणं. मला डॉ. रुस्तम जाल वकील आठवले.

१९११ साली मुंबईत पारशी घरात त्यांचा जन्म. लंडनला डॉक्टरकी शिकून ते मुंबईत परतले, के.ई.एम. रुग्णालयात काम करू लागले. हृदयरोग हा त्यांचा विषय. तेव्हा रक्तदाबावर धड औषध नव्हतं. वकिलांची नजर गेली आपल्याच सर्पगंधावर. बिहारकडे ही मुळी वेडावरची दवा म्हणून देत. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब दोन्हींवर ती चालते, असं लिहिलंही होतं. पण जगाने फारशी दखल घेतली नव्हती. वकिलांनी रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, चिकाटीने नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अहवाल ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला आणि जग जागं झालं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते खवळलेल्या रुग्णांना दिलं, तर ते शांत झाले. १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. त्याच वर्षी तो क्लाइन यांनाही मिळाला. पुढच्या वर्षी वकिलांना पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले.

पण या मुळीची दुसरी बाजूही आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. ही रसायनं बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपिन तो साठाच होऊ देत नाही. कोठार रिकामं झालं की रक्तदाब उतरतो, मन निवतं. पण नाक चोंदतं, अंग ताठरतं आणि काही रुग्ण खोल उदास झाल्याचंही डॉक्टरांनी नोंदवलं. उपाय आणि अपाय एकाच मुळीतून! म्हणूनच उदासी असलेल्यांना रेसरपिन देत नाहीत.

उदासीवरच्या आजच्या बहुतेक गोळ्या उलटं काम करतात. त्या हीच रसायनं पेशींच्या मधल्या जागेत टिकवून धरतात. उदासीचं कोडं एवढ्याने सुटत नाही, हेही आता कळलंय. मात्र एक लक्षात ठेवा. त्रास पहिल्याच दिवसांत सुरू होतो, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमकी मधेच आपण गोळी सोडतो. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली, तर चक्कर येते, जीव घाबरतो. त्रास होतोय ना? मग डॉक्टरांना सांगा. मात्रा, वेळ, गोळीसुद्धा बदलता येते. आणि सोबत काढा, चूर्ण काही घेत असाल तर तेही लपवू नका.

हे सगळं मी शेजारणीला भाजीच्या गाड्यापाशीच सांगितलं. काल तिचा फोन आला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितलीय. सर्पगंधाची बाटली तिने न उघडताच परत केली.