‘क्रूझ कंट्रोल’ देणारा दृष्टिहीन अभियंता

महामार्गावर बटण दाबले की अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवताही कार ठरावीक वेगाने धावते. ही सोय देणारे राल्फ टीटर दृष्टिहीन होते. १८९० मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात जन्मलेल्या टीटर यांची दृष्टी पाचव्या वर्षी अपघातात गेली. तरीही १९१२ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंजिनीअर झाले. गप्पांच्या नादात वकील मित्राची गाडी कधी मंद, कधी वेगात जाई. त्या हिसक्यांतून कल्पना सुचल्याचे सांगतात. १९५० मध्ये पेटंट मिळाले, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या ‘इम्पीरियल’मध्ये यंत्रणा आली. १९८२ मध्ये टीटर यांचे निधन झाले.

वेग घटला की ही यंत्रणा थ्रॉटल उघडते, वाढला की मिटते. ब्रेक दाबताच बंद होते. मात्र पुढची गाडी तिला दिसत नाही. ते काम चालकाचेच.