दोन्ही बाजू शिकवल्या म्हणून नोकरी गेलेला मास्तर : हेन्री डेरोझिओ

सरांनी सांगायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं आणि परीक्षेत तेच लिहायचं. ही पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण जवळपास २०० वर्षांपूर्वी कलकत्त्यात, विशीही न गाठलेल्या एका मास्तरानं ती मोडली होती.

हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओचा जन्म १८०९ चा. घराणं पोर्तुगीज-भारतीय. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग थोडी कारकुनी केली, भागलपूरला निळीच्या कारखान्यात काम केलं. तिथं लिहिलेल्या कवितांनी नाव झालं आणि हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य व इतिहास शिकवायची नोकरी मिळाली.

डेरोझिओ मुलांना उत्तरं देत नसे, वाद घालायला लावी. देव आहे का, हा प्रश्न निघाला की तो ह्यूमच्या शंका मुलांपुढे ठेवी आणि त्या खोडून काढणारे रीड व स्टुअर्टही वाचायला देई. निकाल ज्याचा त्यानं लावायचा. कॉलेजबाहेर ‘अकॅडेमिक असोसिएशन’ भरे. तिथं नशीब, मूर्तिपूजा अशा विषयांवर खडाजंगी चाले.

पोरं घरी जाऊन प्रश्न विचारू लागली. काहींनी खाण्यापिण्याचे निर्बंधही झुगारले. पालक हादरले, मुलांना कॉलेजातून काढू लागले. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापनानं डेरोझिओला काढायचं ठरवलं आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. जो माणूस दोन्ही बाजू ऐका म्हणून शिकवत होता, त्याची बाजू मात्र निर्णयाआधी कुणीच ऐकली नाही. त्यानं पत्र लिहून हीच तक्रार केली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला कॉलऱ्यानं तो गेला. वय अवघं २२.

मग त्यानं मिळवलं काय? त्याच्या विद्यार्थ्यांकडे बघा. कृष्णमोहन बॅनर्जी ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. रामतनू लाहिरींनी जानवं काढलं आणि जन्मभर शिक्षकी केली. राधानाथ सिकदरांच्या गणितातून एव्हरेस्ट सर्वांत उंच असल्याचं पुढे आलं. प्यारीचंद मित्रांनी बोलीभाषेतली बंगाली कादंबरी लिहिली. दक्षिणारंजन मुखर्जींनी बेथून यांच्या मुलींच्या शाळेला जमीन दिली.

एकाच मास्तरची ही पोरं, पण कुणाची वाट कुणासारखी नाही. घोकून घेतलं असतं, तर सगळी एकाच साच्यातून निघाली असती.