रियासतकार सरदेसाई : वर्गातून घडलेला इतिहासकार

थोर पुरुषांची चरित्रे वार्षिक स्मरणिकेत देण्याचा प्रघात जुना आहे आणि तो स्तुत्यही आहे. परंतु अशा चरित्रांत गौरवाचा भाग मोठा आणि बोधाचा भाग लहान, असे पुष्कळदा घडते. यंदा आम्ही ज्या पुरुषाचे स्मरण करीत आहोत, त्याच्या बाबतीत तसे होऊ नये अशी आमची इच्छा आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांना महाराष्ट्र ‘रियासतकार’ म्हणून ओळखतो. त्यांचे ग्रंथ अनेक घरांतील कपाटांत आहेत. पण हा थोर इतिहासकार मुळात मुलांना शिकविणारा एक शिक्षक होता, आणि त्याच्या हातून इतिहास लिहिला गेला तो शिकविण्याच्या गरजेतून, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच होय.

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोवील या खेड्यात झाला. घरची स्थिती साधारण होती. रत्नागिरीस शालेय शिक्षण, पुढे पुण्यास फर्ग्युसन व मुंबईस एल्फिन्स्टन या महाविद्यालयांत अध्ययन, असे करीत ते १८८८ साली पदवीधर झाले. दुसऱ्याच वर्षी ते बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत वाचक म्हणून रुजू झाले. महाराजांना निवडक ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांचा सारांश सांगावयाचा, हे त्यांचे काम. पुढे राजपुत्रांस शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

येथे महाराजांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली दत्तक जाऊन ते गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते आणि त्यांचे खरे विद्याध्ययन त्यानंतरच सुरू झाले. विद्या उशिरा लाभली म्हणूनच की काय, तिचे मोल त्यांना पुरते कळले होते. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अशा राजाच्या घरी शिक्षक होणे म्हणजे केवळ धडे घोकून घेणे नव्हे. तेथे शिकविणाऱ्यालाही शिकत राहावे लागे.

राजपुत्रांना इतिहास शिकवावयाचा, तर पुस्तक कोणते घ्यावयाचे, हा प्रश्न सरदेसायांपुढे उभा राहिला. मराठ्यांच्या इतिहासावर ग्रँट डफ याचा १८२६ सालचा इंग्रजी ग्रंथ होता व त्याचे मराठी भाषांतरही होते. त्यातील उणिवा नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी ऐन विद्यार्थिदशेतच दाखवून दिल्या होत्या. उरल्या त्या बखरी. त्यांत रस भरपूर, पण काळाचा हिशेब सैल. तेव्हा सरदेसाई स्वतःच निरनिराळे ग्रंथ चाळून टिपणे काढू लागले. ती टिपणे वाढता वाढता ग्रंथाच्या योग्यतेची झाली आणि १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ साली निघाला. ही ग्रंथमाला पुढे तीस वर्षे चालली. ब्रिटिश रियासतीचा आरंभ १९२३ साली झाला. वर्गासाठी केलेल्या तयारीतून एवढा मोठा ग्रंथसंभार उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही.

ज्या १८९८ साली सरदेसायांचा पहिला ग्रंथ निघाला, त्याच साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंडही निघाला. येथून महाराष्ट्रात एक मोठा वाद सुरू झाला. अस्सल कागद अद्याप गावोगावच्या वाड्यांत व पेटाऱ्यांत पडून आहेत. ते सर्व हाती आल्यावाचून सलग इतिहास लिहिणे ही घाई होय, असे संशोधकांतील एका पक्षाचे म्हणणे होते. ते चूक होते असे कोण म्हणेल? परंतु शिक्षकाची अडचण वेगळी असते. सर्व कागद मिळेपर्यंत संशोधकाला थांबता येते. शिक्षकाला थांबता येत नाही. उद्या सकाळी मुले समोर येऊन बसणार असतात. सरदेसायांनी मार्ग काढला तो असा की, आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावर आज लिहावे, आणि उद्या नवा पुरावा आला की आपलेच लिहिणे आपणच दुरुस्त करावे. रियासतीच्या पुढील आवृत्त्यांत त्यांनी जुने भाग नव्या साधनांच्या आधारे पुन्हा लिहून काढले. स्वतःचे छापील वाक्य खोडण्यास जे मनोधैर्य लागते, ते त्यांच्या ठायी होते.

या वृत्तीची किती आवश्यकता आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. मराठी रियासतीचा पहिला भाग निघाला तेव्हा शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे सर्वत्र मानले जाई. पुढे १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी निघाली. ‘शिवभारत’ काव्याने आणि जोधपूरकडे सापडलेल्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला. वाद दीर्घकाळ चालला. आज १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख शासनानेही स्वीकारलेली आहे. आता शाळेतील मुलाने केवळ ही तारीख पाठ केली, तर त्याला एक आकडा मिळाला. पण हे कागद कोणी लिहिले, केव्हा लिहिले, घटनेच्या जवळचा कोणता व दूरचा कोणता, एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षी कोठे जुळतात, एवढे चार प्रश्न त्याला विचारता आले, तर त्याला इतिहास मिळाला.

१९२५ साली सरदेसाई बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी शांतिनिकेतनात शिकलेला त्यांचा पुत्र श्यामकांत ऐन तारुण्यात निवर्तला. हा आघात मनुष्याला खचविणारा होता. पुत्राची पत्रे त्यांनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि स्वतःस कामात बुडवून घेतले. पुणे-मुंबई लोहमार्गावर कामशेत येथे इंद्रायणीच्या काठी त्यांनी वस्ती केली. १९२६ साली पाटणा विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रमुख प्रवाहांवर त्यांची व्याख्याने झाली. नंतर पुण्याचे पेशवे दफ्तर त्यांच्या हाती आले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादून प्रसिद्ध केले.

या कामाचे स्वरूप वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. कागद मोडीत, त्यावर पुष्कळदा केवळ मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहिलेला, साल नाही. मजकुरात कोण जिवंत आहे, छावणी कोठे पडली आहे, कोणत्या स्वारीचा उल्लेख आहे, हे पाहून साल ठरवावयाचे. सरदेसायांनी जन्मभर वंशावळी, शकावल्या व नकाशे यांचा जो ध्यास घेतला तो याचसाठी. ही सामग्री हाताशी नसेल तर कागद मुका राहतो. शाळांत जिचा कंटाळा केला जातो ती सनावळी म्हणजे अशी किल्ली आहे. मात्र कुलूप न दाखविता नुसती किल्ली मुलांच्या हाती दिली, तर त्यांनी ती फेकून द्यावी यात नवल नाही.

बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी सरदेसायांची मैत्री प्रसिद्ध आहे. सरकारांची मते महाराष्ट्रात अनेकांना रुचत नसत, आणि या स्नेहापायी सरदेसायांसही पुण्याच्या संशोधकांचा रोष पत्करावा लागला. परंतु परप्रांतीय विद्वानाने आपल्या पूर्वजांविषयी कटू लिहिले म्हणून त्याचे कागद पाहूच नयेत, हे त्यांच्या बुद्धीस पटले नाही. ऐंशीच्या घरात त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ या काळात निघाला. १९५७ साली त्यांस पद्मभूषण ही पदवी मिळाली. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या ग्रंथांत दोष नाहीत असे आमचे म्हणणे नाही. राजकारण व लढाया यांना त्यांत जेवढी जागा मिळाली, तेवढी शेतकऱ्याला, कारागिराला, स्त्रियांना मिळाली नाही. पुढील अभ्यासकांनी ती उणीव भरून काढण्यास आरंभ केला आहे. सरदेसाई हयात असते तर त्यांनी ही दुरुस्ती आनंदाने स्वीकारली असती, असे त्यांच्या एकंदर वृत्तीवरून आम्हांस वाटते.

आता आपल्याविषयी. आपल्या ज्ञातीचा पूर्ववैभवाचा अभिमान स्वाभाविक आहे. तो याच स्मरणिकेच्या पानापानांत दिसतो. परंतु प्रत्येक ज्ञातीने आपापल्या मुलांना केवळ आपल्याच पराक्रमाच्या कथा सांगितल्या, तर ती मुले मोठेपणी एकमेकांशी भांडतील; एकमेकांचा इतिहास त्यांना कळणार नाही. आज तर ऐकीव कथा मोबाईलवर क्षणात घरोघर पोहोचते आणि ती कोणी, कशाच्या आधारे सांगितली हे कोणी विचारीत नाही. म्हणून आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे. ज्यांच्या घरी रुमालात बांधलेले जुने कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, देव्हाऱ्यातही ठेवू नयेत. घरातील मुलांपुढे उघडावेत. मोडी वाचता येत नसेल तर जाणकारास गाठावे. कागद कोणी लिहिला, कोणास लिहिला, कशासाठी लिहिला, हे मुलांना विचारू द्यावे. त्यातून पूर्वजांची एखादी उणी बाजू बाहेर आली, तरी ती झाकू नये.

रियासतकारांचे खरे स्मारक ग्रंथालयात आहेच. ते घराघरांतील त्या रुमालांभोवती बसलेल्या मुलांतही उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे.