नारायण वामन टिळक : तऱ्हेवाईकपणाचा अर्थ

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा मराठी वाचकाच्या परिचयाच्या आहेत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्या घरोघरी पोचल्या. न सांगता घर सोडून जाणारा, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा हा पुरुष बहुधा गमतीचा विषय ठरला. वस्तुतः या वर्तनामागे एक जीवनसूत्र होते. कोणताही आश्रय बेडीसारखा वाटू लागला, की तो सोडायचा, हे ते सूत्र होय.

त्याचा उगम नाशिकमध्ये दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले टिळक आईच्या मृत्यूनंतर घर सोडून पोरवयातच नाशिकला आले. गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ख्यात झाली. तिचे वडील सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला जेरीस आणीत. नियमांच्या वेडातून सुटलेली ही मुलगी नियमभंगाच्या वेडाशी बांधली गेली.

१८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा जात, आप्त आणि संसार एकाच वेळी तुटले. परंतु नवा आश्रयही त्यांना बांधून ठेवू शकला नाही. तत्कालीन अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या सेवेत असताना त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे आणि कीर्तनाचे देशी रूप दिले. १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकेच न घेतलेल्यांनाही तेथे स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती रूढीप्रमाणे दफन न होता, त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे दहन करण्यात आले.

या स्वातंत्र्याचे मोल मात्र प्रामुख्याने लक्ष्मीबाईंनी चुकविले. धर्मांतरानंतरची काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या आज्ञेने नव्हे. जातिभेदाविषयीच्या स्वतःच्या विचारांती त्या त्या निर्णयाला आल्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या स्त्रीने टिळकांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांना पुन्हा उभे केले. तेथे टिळकांचा गौरव आहे, तसा त्यांच्यामुळे सोसावा लागलेला जाचही आहे. विनोदाने त्यांतील एकही बाजू झाकलेली नाही. टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाकडे केवळ गंमत म्हणून पाहणारा वाचक त्यांच्या बंडाला मुकतो. आणि केवळ बंड म्हणून त्याचा गौरव करणारा लक्ष्मीबाईंना विसरतो.