लक्ष्मीबाई टिळक : स्वीकारातून करुणेकडे

'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा अभ्यास करण्यापूर्वी लेखिकेचा जीवनपट समजून घेणे आवश्यक आहे. शालेय शिक्षण न लाभलेली एक स्त्री मराठी गद्यातील एका श्रेष्ठ ग्रंथाची लेखिका कशी झाली, हा प्रश्न वाचताना मनात ठेवावा.

जडणघडण

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे अत्यंत कडक होते आणि त्याचा जाच साऱ्या घराला सोसावा लागे. स्पर्शाने माणूस विटाळतो, ही समजूत अशा रीतीने त्यांच्या बालमनात रुजली. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक प्रतिभावान आणि उदार, पण तितकेच तापट व लहरी होते. घरात पैसा टिकत नसे. न सांगता घर सोडून जाणे हेही नित्याचेच होते. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती मात्र त्यांच्याकडूनच.

कसोटीचा काळ

१८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पती हयात असूनही लक्ष्मीबाईंच्या वाट्याला विरह आला. लहान मुलाला घेऊन, नातलगांच्या आधाराने त्यांनी हे दिवस काढले. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण लगेच धर्म बदलला नाही. प्रारंभी आपला स्वयंपाक आणि सोवळे त्यांनी वेगळे राखले.

येथे एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. त्यांच्यातील परिवर्तन पतीच्या आज्ञेने घडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतः केला. तो माणसाने केला आहे अशी खात्री पटल्यावर त्यांनी शिवाशीव सोडली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या आत्मशोधानंतर. ज्या विटाळाच्या कल्पनेने त्यांचे बालपण करपले, तिचा त्याग करताच परक्यांच्या मुलांना जवळ घेणे त्यांना सहज झाले. अनाथ मुलांना त्यांच्या घरात आश्रय मिळाला.

लेखनातील दृष्टी

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या ग्रंथात दुःखाचे प्रसंग विपुल आहेत, तरी गाऱ्हाण्याचा सूर नाही. आपले अज्ञान, भाबडेपणा आणि फजिती त्या हसत सांगतात. स्वतःचे उणेपण असे मोकळेपणाने मान्य केल्यामुळेच त्या वडिलांच्या सोवळ्याकडे आणि पतीच्या संतापाकडेही समंजसपणे पाहू शकतात. मात्र समजून घेणे म्हणजे झाकणे नव्हे. घडलेला जाच त्या स्पष्टपणे नोंदवतात. सत्य आणि ममता यांचा हा मेळ त्यांच्या आत्मचरित्राचा गाभा आहे.

संसार व नोकरी सांभाळत शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हे चरित्र विशेष जवळचे वाटेल. उशिरा सुरू झालेले शिक्षण उणे नसते, कारण जगलेले आयुष्य त्याच्या पाठीशी असते.

विचार करा : 'स्मृतिचित्रे'तील विनोद लेखिकेचे दुःख लपवतो की अधिक स्पष्ट करतो? एका प्रसंगाच्या आधारे आपले मत मांडा.